निरंक लिहिण्याआधी : इंदूरमधल्या गोवराचं एक प्रकरण

पहिलं मूल माझ्याकडे आलं ते फेब्रुवारीतल्या एका बुधवारी, रात्री पावणेनऊला. अडीच वर्षांचा मुलगा. चार दिवस ताप, खोकला, नाक वाहतंय, डोळे चिकटलेले. आई-वडील झाबुआकडचे, आमच्या भागात उभ्या राहत असलेल्या एका इमारतीवर मजुरी करणारे. आई म्हणाली, "कल से दाने निकले हैं." मी टॉर्च लावून कानामागे पाहिलं, कपाळावर पाहिलं. सावळ्या, सिमेंटच्या धुळीनं कोरड्या पडलेल्या कातडीवर लाली अशी दिसत नव्हती, हात फिरवल्यावर बारीक खरखर मात्र लागत होती. आदल्या दिवशी कुठल्याशा दुकानातून आणलेलं एक सिरप त्याला पाजलेलं होतं. मी कागदावर 'औषधाची ॲलर्जी?' असं लिहिलं, सिट्रिझिन दिलं आणि तीन दिवसांनी दाखवायला सांगितलं. ते परत आले नाहीत.

बाहेर बाकावर त्या वेळी रामबागेतलं एक कुटुंब बसलं होतं. आजी, सून आणि आठ महिन्यांचं बाळ. बाळाला साधी सर्दी होती. दोन्ही कुटुंबं साधारण पाऊण तास एकाच खोलीत होती. हे मला आज माहीत आहे, कारण नंतर मी माझीच नोंदवही दोनदा तपासली.

बरोबर दोन आठवड्यांनी तेच बाळ परत आलं. ताप 103, डोळे लाल, चेहऱ्यापासून छातीपर्यंत पुरळ उतरलेलं. मी काही बोलण्याआधी आजी म्हणाल्या, "बाई, हा गोवर आहे. माझ्या चौघांनाही झालेला, मी ओळखते." त्यांनी बाळाच्या गादीखाली कडुनिंबाचा पाला पसरला होता आणि घरात फोडणी बंद केली होती. मी बाळाचा गाल आतून पाहिला. दाढांच्या जागेसमोर, लालसर पडद्यावर मिठाचे कण सांडावेत तसे पांढरे ठिपके होते, विरायला लागलेले. आजींचं निदान बरोबर होतं. मी बाळाला जीवनसत्त्व अ दिलं, त्या दिवशी एक लाख युनिट आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच. दूध तोडू नका, श्वास जोरात चालला तर रात्री-बेरात्री फोन करा, पुरळ उठल्यापासून चार दिवस बाळाला कुणात नेऊ नका, एवढं सांगितलं. माझ्या फाइलमध्ये 'गोवर' असं स्पष्ट लिहिलं.

आणि तिथेच थांबले. ताप आणि पुरळ असलेलं प्रत्येक मूल कळवायचं असतं, हे मला ठाऊक होतं. कुणाला कळवायचं त्याचा नंबर असलेला कागदही टेबलाच्या खणात होता. पण एकच बाळ आहे, घरी सांभाळलं जातंय, बरं होईल, असं मनात आलं आणि मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. हे प्रकरण लिहायला घेतलं ते मुख्यतः या एका न केलेल्या फोनमुळे.

आशादीदीची वही

पहिल्या मुलाच्या अंगावर पुरळ उठलं तो दिवस शून्य धरू. म्हणजे रामबागेतल्या बाळाला पुरळ आलं चौदाव्या दिवशी. बाविसाव्या दिवशी आमच्या भागातली आशा कार्यकर्ती, जिला इथं सगळे दीदी म्हणतात, त्या इमारतीच्या मागच्या पत्र्याच्या झोपड्यांत गेली. ती गेली होती एका गरोदर बाईची नोंद करायला. तिथं तिला चौदा महिन्यांची एक मुलगी दिसली, आईच्या कडेवर, नाकपुड्या फुलवत श्वास घेणारी. अंगावरचं पुरळ काळपट पडून कोंड्यासारखं सुटत होतं. दीदीनं आजूबाजूला विचारलं, "बुखार के साथ दाने और किसे निकले?" सात वर्षांचा आणखी एक मुलगा पुढे आला. आणि माझ्याकडे येऊन गेलेला अडीच वर्षांचा मुलगाही. तिघांचीही नावं, वय आणि पुरळ उठल्याचा दिवस तिनं वहीत लिहिला. त्या मुलीला तिनंच रिक्षात घालून सरकारी रुग्णालयात नेलं. मुलीला न्यूमोनिया झालेला होता. सहा दिवसांनी ती घरी आली.

विचारायची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. दीदीनं 'खसरा है क्या', म्हणजे गोवर आहे का, असं विचारलं नाही. माळव्यात आजही गोवर-कांजिण्यांना 'माता' म्हणतात, आणि माता आली असली की घरचे बाहेर सांगायला कचरतात. रोगाचं नाव घेतलं की माणसं गप्प होतात, ताप आणि दाणे विचारले की बोलतात. देशभराच्या निगराणीची व्याख्याही आता हीच आहे. ताप आणि अंगभर उठलेलं, पाणी न धरलेलं पुरळ, मग डॉक्टरला गोवर वाटो न वाटो. मी मात्र 'मला काय वाटतं' यावर अडून राहिले होते.

दुसऱ्या दिवशी माझ्या दवाखान्यात निगराणी वैद्यकीय अधिकारी आला. मूळचा नागपूरचा, त्यामुळे मराठीतच बोलला. पोलिओसाठी 1997 मध्ये राष्ट्रीय पोलिओ निगराणी प्रकल्पाचं जे जाळं उभं राहिलं, तेच आता गोवर आणि रुबेला (गोवरासारखंच पुरळ आणणारा दुसरा विषाणूजन्य रोग) यांच्यासाठीही धावतं, आणि हा त्याच जाळ्यातला. अडीच वर्षांच्या त्या मुलाच्या आईनं त्याला माझी चिठ्ठी दाखवली होती. 'औषधाची ॲलर्जी?' ही माझी अक्षरं त्याच्या मोबाइलच्या फोटोत होती.

"मॅडम, गेल्या दोन महिन्यांत ताप आणि पुरळ असलेली किती मुलं पाहिलीत?"

मी रामबागेतलं बाळ सांगितलं.

"ते झालं गोवराचं. ज्यांना गोवर नाही असं तुम्हाला वाटलं, तीही सांगा."

मला प्रश्नच कळला नाही. नसलेल्या गोवराचं हा काय करणार?

नसलेला गोवर मोजण्याचं कारण

त्यानं माझ्या टेबलावरच्या कोऱ्या कागदावर हिशेब मांडला, तो इथं देते. समजा एखाद्या जिल्ह्यानं वर्षभर लिहून पाठवलं की गोवराचे रुग्ण निरंक. याचे दोन अर्थ होतात. एक, रोग खरोखर नाही. दोन, कुणी शोधलाच नाही. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. त्यांच्यात फरक करायला दुसरा एक आकडा लागतो, तो असा : ताप-पुरळ म्हणून कळवली गेली, रक्त तपासलं गेलं आणि जी गोवरही नाही आणि रुबेलाही नाही असं ठरलं, अशी मुलं किती? मुलांच्या अंगावर पुरळ उठवणारे विषाणू पुष्कळ आहेत आणि ते सगळीकडे असतात. म्हणून जिथं नीट शोध चालतो तिथं अशी 'डिस्कार्ड' झालेली मुलं दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला किमान 2 तरी सापडलीच पाहिजेत, असा जगभरचा निकष आहे.

इंदूर जिल्ह्याची लोकसंख्या 2011च्या जनगणनेत 32.76 लाख होती. आज ती कितीतरी वाढली आहे, पण जुनाच आकडा धरला तरी वर्षाला किमान 65 मुलं 'गोवर नाही' म्हणून सापडायला हवीत. 140 कोटींच्या देशात 28 हजार. एवढी मुलं आली नाहीत, तर 'निरंक'वर विश्वास ठेवायला आधारच उरत नाही.

मी दोन महिन्यांच्या नोंदी चाळल्या. ताप आणि पुरळ अशी सात मुलं निघाली. एकाचंही रक्त गेलेलं नव्हतं. त्यांतली काही रोझिओला (लहान मुलांना होणारा, ताप आणि पुरळ आणणारा दुसरा एक विषाणूजन्य आजार) असतील, काही खरोखर औषधाची ॲलर्जी असेल. पण माझ्या एका दवाखान्यातून सात पुरावे गेले नाहीत, तर शहरातल्या सगळ्या खाजगी दवाखान्यांतून किती जात नसतील, हा विचार मला त्या रात्री झोपू देईना.

एप्रिल 2025 मध्ये केंद्र सरकारनं 'शून्य गोवर-रुबेला' मोहीम सुरू केली, तेव्हा जाहीर झालेले आकडे मी म्हणून आता वेगळ्या नजरेनं वाचते. 2023च्या तुलनेत 2024 मध्ये गोवराचे रुग्ण 73 टक्क्यांनी आणि रुबेलाचे 17 टक्क्यांनी कमी झाले. जानेवारी ते मार्च 2025 या तीन महिन्यांत 332 जिल्ह्यांत गोवराचा एकही रुग्ण नोंदला गेला नाही, 487 जिल्ह्यांत रुबेलाचा नाही. ही मोठी कमाई आहे आणि ती हजारो नर्सबाई आणि आशाताईंची आहे. मला एवढंच विचारावंसं वाटतं की त्या 332पैकी प्रत्येक जिल्ह्यातून त्या तीन महिन्यांत पुरेसे निगेटिव्ह नमुने गेले होते का. गेले असतील तिथलं शून्य डोक्यावर घेऊन नाचावं असं आहे.

रुग्णसंख्या खाली आली म्हणजे रोग खाली आला असं होत नाही, हे आपण एकदा पाहिलेलंही आहे. 2020 आणि 2021 मध्ये देशातले नोंदलेले रुग्ण कमी होते. करोनाचा काळ, शाळा बंद, मुलं घरात, त्यामुळे रोग थोडा कमी पसरलाही असेल. पण त्याच काळात लसीकरणाची सत्रं चुकली आणि पुरळाची मुलं शोधायला कुणी मोकळं नव्हतं. मग 2022च्या अखेरीला मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवर उसळला आणि मुलं दगावली. दोन वर्षं आलेखाची रेघ खाली उतरत होती आणि तिच्याखाली लस न मिळालेली मुलं साठत होती.

भगोरियाच्या आधी

इकडे आमच्या हातात दिवस थोडे होते. रक्तातून गोवराची तपासणी करायची तर पुरळ उठल्यापासून 28 दिवसांच्या आत नमुना घ्यावा लागतो. अडीच वर्षांच्या मुलाचा तेविसावा दिवस उजाडला होता. आणि होळीच्या आधीच्या आठवड्यात झाबुआ-अलीराजपूरकडे भगोरियाचे हाट भरतात. इंदूरच्या बांधकामांवरची माणसं तेव्हा काहीही झालं तरी गावी जातात, ठेकेदारही अडवत नाही. त्या झोपड्यांतली बोचकी बांधून तयार होती.

चोविसाव्या दिवशी सकाळी सातला, कामाचा भोंगा व्हायच्या आत, नर्सबाई, दीदी आणि तो अधिकारी तिथं पोचले. मीही गेले. त्या मुलाचं रक्त मीच काढलं. त्याची आई मला ओळखून हसली, आणि मला काय बोलावं ते सुचलं नाही. मी तिला सांगितलं, "उस दिन मुझसे गलती हुई थी. ये खसरा था." ती म्हणाली, "अब तो ठीक है ना, मैडम?" मुलगा ठीक होता. पण गोवर होऊन गेलेल्या मुलाची जुन्या जंतूंविरुद्ध कमावलेली प्रतिकारशक्तीही पुसट होते, आणि पुढचे कित्येक महिने त्याला जुलाब, न्यूमोनिया पटकन धरतात. त्याला जीवनसत्त्व अ देऊन, खाण्याकडे लक्ष ठेवायला सांगून आम्ही पुढे गेलो.

लसीची कार्डं कुणाचीच जवळ नव्हती, सगळी गावी. तिथल्या यादीत ही मुलं 'बाहेरगावी' आणि इंदूरच्या यादीत ती मुळात नाहीतच. लसीकरणाच्या टक्केवारीत वर असतो दिलेल्या डोसांचा आकडा आणि खाली असतो पात्र मुलांचा. ही मुलं वरही नव्हती आणि खालीही नव्हती, म्हणून ती चुकली तरी टक्केवारी बिघडत नाही. या एका गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

नोव्हेंबर 2023 मधला वाद आठवून पाहा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या अंदाजानुसार 2022 या वर्षात भारतातली 11 लाख मुलं गोवरच्या पहिल्या डोसाला मुकली होती. केंद्र सरकारनं उत्तर दिलं की 2022-23 या आर्थिक वर्षात पात्र असलेल्या सुमारे 2 कोटी 64 लाख मुलांपैकी फक्त 21,310 मुलं राहिली. कालखंड थोडा वेगळा, मोजायची रीत वेगळी, हे खरं. तरीही 11 लाख आणि 21 हजार यांच्यात पन्नास पट अंतर आहे, आणि त्यातला मोठा भाग खालच्या आकड्यात कोण धरलं गेलं यावर ठरतो. माझ्यासारख्यांचीही त्यात चूक आहे, फक्त उलट बाजूनं. मी माझ्या दवाखान्यात 9 आणि 15 महिन्यांना एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्र लस) देते, पण त्या डोसांची नोंद वर्षानुवर्षं सरकारी यादीत गेलीच नाही. माझी लस घेतलेली मुलं सरकारच्या लेखी बिनलसीची, आणि झोपडीतली बिनलसीची मुलं कुणाच्याच लेखी नाहीत.

त्या सकाळी झोपड्यांतल्या नऊ महिने ते पाच वर्षं वयाच्या सगळ्या मुलांना एमआरचा, म्हणजे गोवर-रुबेला लसीचा, डोस दिला, कार्ड असो नसो. एक डोस जास्त झाला तर काही बिघडत नाही. नर्सबाईनं कुपी बर्फाच्या डब्यातून काढली, उष्णतेनं लस खराब झाली का ते दाखवणारी तिच्यावरची चौकोनी खूण पाहिली, पाण्यात पावडर विरघळवली आणि कुपीवर पेनानं वेळ लिहिली, कारण चार तासांनी उरलेली लस टाकून द्यायची असते. उजव्या दंडावर, कातडीखाली, अर्धा मिली. अधिकाऱ्यानं तिथूनच झाबुआच्या सहकाऱ्याला फोन लावून कुठल्या गावांना ही कुटुंबं परतताहेत ते कळवलं. गोवर अंगात मुरायला दहा-चौदा दिवस लागतात, तेव्हा यांच्यातलं एखादं मूल भगोरियाच्या गर्दीत पुरळ घेऊन उभं राहू शकलं असतं.

प्रयोगशाळेचा कागद

सव्विसाव्या दिवशी रामबागेतून आजींचा फोन. बाळाच्या चुलत बहिणीला, चार वर्षांच्या मुलीला, पुरळ आलं. तिला नवव्या महिन्यात एक डोस मिळाला होता, दुसरा राहून गेला होता. आई म्हणाली, "एक झालाय ना, म्हणून म्हटलं चालेल." नवव्या महिन्यातल्या एका डोसानं साधारण 85 टक्के मुलांना संरक्षण मिळतं, कारण आईकडून आलेली थोडी प्रतिपिंडं तेव्हा अजून आड येतात. म्हणजे 100पैकी 90 मुलांना पहिला डोस दिला तरी संरक्षित होतात 76 किंवा 77. गोवर थांबायला हवीत 95, कारण एक रुग्ण लस नसलेल्या वस्तीत 12 ते 18 जणांना रोग देतो. हे अंतर दुसऱ्या डोसानं भरतं. भारतात दुसरा डोस आला 2010 मध्ये, लसीकरण कार्यक्रमात पहिला येऊन 25 वर्षं झाल्यावर.

या मुलीचं रक्त मी पुरळाच्या दुसऱ्याच दिवशी पाठवलं. आता मला घाई झाली होती. निकाल आला निगेटिव्ह. घरचे खूश झाले. अधिकाऱ्यानं फोनवर पहिला प्रश्न केला, "पुरळाचा कितवा दिवस होता?" पहिल्या तीन दिवसांत आयजीएम प्रतिपिंडं, म्हणजे ताज्या संसर्गाची खूण असलेली आणि या चाचणीत शोधली जाणारी प्रतिपिंडं, पुरेशी तयार झालेली नसतात, साधारण चारातल्या एका रुग्णात चाचणी त्यांना पकडतच नाही. आठव्या दिवशी पुन्हा रक्त घेतलं, ते पॉझिटिव्ह. पहिल्या कागदावर थांबलो असतो तर ही मुलगी 'डिस्कार्ड' म्हणून मोजली गेली असती, आणि एका चुकीनं दोन आकडे बिघडले असते : गोवर एकानं कमी आणि शोधाचा दर्जा एकानं जास्त.

उलट्या बाजूची चूकही होता होता टळली. लसीकरणानंतर नवव्या दिवशी झोपड्यांतल्या दहा महिन्यांच्या बाळाला हलका ताप आणि पुरळ आलं. चाचणी पॉझिटिव्ह. कागद हातात घेऊन मी म्हटलं, आणखी एक रुग्ण. पण जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूची लस दिल्यावर साधारण सात ते चौदा दिवसांत थोड्या मुलांना असं पुरळ येतं आणि आयजीएम तर येणारच. घशाचा नमुना घेतलेला होता म्हणून उलगडा झाला : जनुकीय प्रकार लसीतला, म्हणजे ए. आपल्याकडे फिरणारा गोवर प्रामुख्यानं डी8 प्रकारचा असतो. हे बाळ गोवराच्या यादीतून निघालं. लस कधी दिली ती तारीख अर्जावर नसती, तर ते आमच्या शहराच्या साथीत मोजलं गेलं असतं, आणि लसीमुळे गोवर झाला अशी कुजबूज गल्लीत उठायलाही वेळ लागला नसता.

आणखी एक मुलगी सापडली शीतला सप्तमीला. होळीनंतर आठवड्यानं बायका आदल्या दिवशी रांधलेलं थंड अन्न घेऊन शीतलामातेच्या देवळात जातात. दीदी त्या सकाळी देवळाच्या पायरीशी बसली होती. ज्यांच्या घरी दाणे निघाले ती बाई आज इथं नक्की येणार, हा तिचा कयास. मला कुठल्या पुस्तकात असा उपाय सापडला नसता. सहा वर्षांची एक मुलगी मिळाली. तिचा नमुना गोवरालाही निगेटिव्ह, रुबेलालाही निगेटिव्ह, आणि तो पाचव्या दिवशी घेतलेला होता. आमच्या भागाचा त्या वर्षातला पहिला खरा डिस्कार्ड.

शेवटची यादी अशी झाली. अडीच वर्षांचा मुलगा, रामबागेतलं बाळ आणि त्याची चुलत बहीण प्रयोगशाळेनं पक्के. झोपड्यांतली चौदा महिन्यांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा पहिल्या मुलाशी आलेल्या संपर्कावरून पक्के. एकूण पाच. निर्मूलनाजवळ आल्याची खूण म्हणून दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण असं प्रमाण धरतात. जनगणनेच्या आकड्यानं आमच्या अख्ख्या जिल्ह्याला वर्षभरात जेमतेम तीन रुग्णांची मुभा. एका अर्धवट इमारतीनं आणि एका जुन्या घरानं मिळून ती ओलांडली होती.

वयंही काही सांगत होती. आठ महिन्यांचं बाळ लसीच्या वयाचं नव्हतं, त्याला फक्त आजूबाजूच्यांची लस वाचवू शकली असती. सात वर्षांचा मुलगा एकही डोस न घेता शाळेच्या वयापर्यंत पोचला होता. 2019 मध्ये मध्य प्रदेशात नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या सगळ्या मुलांना एमआर देण्याची मोठी मोहीम झाली. तिच्या आसपास जन्मलेल्या अशा मुलांना तिचा हात लागला नाही, आणि त्यानंतर करोना आला. देशपातळीवर रुग्णांचं वय वर सरकताना दिसलं की मागे कुठल्या वर्षी खड्डा पडला होता ते कळतं. म्हणून नुसती संख्या पुरत नाही, वय आणि डोसांची नोंद प्रत्येक अर्जावर लागते.

पहिल्या मुलाला गोवर कुठून आला, हे सापडलं नाही. मजूर चार जिल्ह्यांतून आलेले, येणं-जाणं चालू. 'उगम अज्ञात' असं नोंदलं गेलं, आणि याचा अर्थ त्याच्या आधीची एक साखळी कुणाच्याच वहीत नाही.

रामबागेतल्या बाळाचा उगम मात्र मला माहीत आहे. रोग्यानं खोली सोडल्यावरही गोवराचा विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहतो. माझ्या बाहेरच्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती त्या दिवशी थंडीमुळे बंद होती. विज्ञानाच्या भाषेत हे सिद्ध झालेलं नाही, अधिकाऱ्यानंही 'संभाव्य' एवढंच लिहिलं. मी रामबागेत जाऊन घरच्यांना सांगून आले. त्या दिवशीच मी मजुराच्या मुलाला ओळखलं असतं, तर 72 तासांच्या आत खोलीतल्या मोठ्या मुलांना लस देता आली असती आणि या बाळासाठी सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचा, म्हणजे तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनचा, विचार करता आला असता. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाळ बरं आहे बाई. चहा घ्या." सुनेनं मात्र माझ्याकडे पाहिलं नाही, आणि त्यांनी डॉक्टर बदलला. ते मी समजू शकते.

आता पुरळाचं मूल आलं की ते मागच्या दारानं थेट आतल्या खोलीत येतं, आणि ती खिडकी हिवाळ्यातही उघडी असते. खणातला कागद भिंतीवर लागला आहे. दर शनिवारी मी आठवड्याचा अहवाल पाठवते. मूल नसेल तेव्हा 'निरंक' लिहिते, पण ते लिहिण्याआधी सहा दिवसांची वही पान पान पाहते आणि ताप-पुरळ असा शब्द कुठे सुटला नाही ना ते बघते. डोसांची नोंदही आता यू-विन या सरकारी लसीकरण-नोंदणीच्या संकेतस्थळावर जाते.

भगोरियाहून त्या पहिल्या मुलाचं कुटुंब इंदूरला परतलं नाही, मुकादमानं त्यांना बडोद्याच्या बाजूला नेलं असं कळलं. दीदीनं त्यांच्या गावच्या आशाला शोधून काढलं आणि तिच्याकडून त्या मुलाच्या कार्डाचा फोटो मागवला. साडेतीन महिन्यांपर्यंतच्या चौकटी भरलेल्या होत्या, नवव्या महिन्याची आणि दीड वर्षाची रिकामी. त्याच फोटोत शेजारी दुसरं कार्ड होतं, धाकट्या बहिणीचं. ती आजीजवळ गावातच राहिली होती. तिच्या नवव्या महिन्याच्या चौकटीत निळ्या शाईनं तारीख पडली होती, भगोरियानंतरच्या मंगळवारची.